दुसऱ्यांचा डाव

फासा टेबलावर पडतो आणि काय आलं ते कोणीतरी मोठ्यानं सांगतं, या दोहोंच्या मध्ये फार तर दीड-दोन सेकंद जातात. त्या दीड-दोन सेकंदांपायी मी गेल्या काही वर्षांत शेकडो तास घालवले आहेत. इस्त्री करताना, भांडी घासताना, झोप येत नसेल तर अंधारात पडल्या पडल्या. फासा नुसत्या लाकडावर पडला तर दोन-तीनदा टणटणत जातो. कापड लावलेल्या तबकात पडला तर नुसताच धप्प. मग शांतता. मग कोणाचा तरी श्वास. आता मला आकडा कानावर यायच्या आधीच कळायला लागलंय. दान वाईट पडलं की माणूस मागे रेलतो आणि खुर्ची कुरकुरते. चांगलं पडलं की तो काहीच करत नाही. बातमी क्षणभर आपल्या एकट्याकडेच आहे, याची मजा त्याला घ्यायची असते.

ही दानं माझी नाहीत. मी त्या टेबलाशी बसलेली नाही, त्या माणसांना कधी भेटलेली नाही. आणि ज्या दानासाठी मी इस्त्री हातात धरून उभी असते, ते बहुतेक वेळा तीन-चार वर्षांपूर्वीच पडून गेलेलं असतं.

घरच्यांना हे समजावताना माझी तारांबळ उडते. "म्हणजे काही लोक खेळ खेळतात?" हो. "आणि तू तो बघतेस?" बघत नाही, ऐकते. "मग जिंकतं कोण?" कोणीच नाही. इथे समोरचा माणूस विषय बदलतो.

तर टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडानं खेळायचा खेळ. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं. कोणी चोर, कोणी योद्धा, कोणी मंत्र जाणणारी. उरलेल्या एकावर राज्य. लहानपणी राज्य आलं की रडू यायचं, इथे लोक ते हौसेनं घेतात आणि वर्षानुवर्षं सोडत नाहीत. त्याला गेम मास्टर म्हणतात. तो सांगतो की समोर पडका बुरूज आहे, वरच्या खिडकीत दिवा हलतोय. भिडू सांगतात की आपण काय करतो. जमेल की नाही याबद्दल शंका असली की फासा टाकायचा. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला, तेव्हापासून मूळ व्यवहार हाच आहे. हा खेळ रेकॉर्ड करून इतरांना ऐकवायचा, की त्याला 'ॲक्च्युअल प्ले' म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण बरोबर आहे. प्रत्यक्षात खेळला गेलेला खेळ, एवढंच.

हे सगळं इंटरनेटनं आणलं असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं नाही. जपानमध्ये 1986 साली 'कॉम्प्टिक' नावाच्या मासिकात एका टोळक्याचा खेळ जसाच्या तसा, संवादांसह, छापून यायला लागला. असल्या लेखनाला तिथे 'रिप्ले' म्हणतात. खेळ चालवणारा होता र्‍यो मिझुनो. त्याच खेळातून पुढे त्यानं 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांच्यावर ॲनिमे आल्या. त्यातली डीडलिट नावाची एल्फ मुलगी जगभर लोकप्रिय झाली. टेबलाशी तिचं सोंग वठवत होता हिरोशी यामामोटो नावाचा विज्ञानकथा लिहिणारा पुरुष. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, का ते सांगते.

मी जे ऐकते ते बहुतेक इंग्रजीत असतं. तिथे 'मी'ला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. दाढीवाला माणूस एका म्हाताऱ्या चेटकिणीचं पात्र घेऊन म्हणतो की मी दार उघडतो, किंवा उघडते, इंग्रजीत ते कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. पण हाच प्रसंग मी रात्री बहिणीला मराठीत सांगायला बसले की पहिल्याच वाक्यात अडखळते. "मग तो म्हणतो, मी दार उघडते." बहीण म्हणते, "तो उघडते?" मग मी सुधारते. "म्हणजे ती म्हणते." पण दार उघडायचं ठरवलं त्यानं होतं, भीती त्याला वाटत होती, पंधरा सेकंद गप्प तोच बसला होता. दार मात्र तिनं उघडलं. मराठी क्रियापद या दोघांना एका शब्दात बसू देत नाही, कोणाची तरी निवड करायला लावते. आणि गंमत अशी की या खेळाचा सगळा जीव नेमका त्या न झालेल्या निवडीत आहे. एकाच वाक्यात माणूस पात्रातून स्वतःत येतो आणि परत जातो. "मी माझी तलवार उपसून त्याच्या गळ्याला लावते आणि म्हणते, थांब, माझ्याकडे तलवार आहे का? मागच्या वेळी विकली ना आपण?" नाटकात हे झालं तर नाटक पडलं. इथे मी हसता हसता आणखी जवळ सरकते.

माझी सुरुवात 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'पासून झाली. मॅकेलरॉय आडनावाचे तीन भाऊ आणि त्यांचे वडील. 2014 मध्ये त्यातल्या एका भावाच्या घरी बाळ येणार होतं, तो रजेवर जाणार होता. त्यांच्या नेहमीच्या विनोदी पॉडकास्टला भर म्हणून चौघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा नवशिक्यांसाठीचा तयार संच उघडला आणि खेळ रेकॉर्ड केला. सुरुवातीचे भाग निव्वळ धुडगूस आहेत. कोणाला नियम येत नाहीत, पात्रांची नावं विनोदासाठी ठेवलेली. 'टाको' हे नाव एका खाद्यपदार्थावरून, आणि ते एका महान जादूगाराचं. मी ऐकत होते ते केवळ चार माणसं एकमेकांची चेष्टा करतायत म्हणून. ती कथा 2017 मध्ये 69 भागांवर संपली, आणि शेवटच्या काही भागांत मी रस्त्यानं चालता चालता रडत होते. खाद्यपदार्थाच्या नावाच्या जादूगारासाठी. नक्की कुठल्या भागात विनोदाचं दुसरं काहीतरी झालं, ते मी दोनदा परत ऐकूनही मला सापडलेलं नाही. मला वाटतं त्या चौघांनाही सापडणार नाही. कोणी ते लिहून ठेवलेलं नव्हतं.

मग अर्थातच 'क्रिटिकल रोल'. इथे पोचल्याशिवाय या नादातला कोणी राहत नाही. लॉस एंजेलिसमधले आवाजाचे कलाकार, म्हणजे कार्टून आणि व्हिडिओ गेमना आवाज देणारे. त्यांच्यातल्या लियम ओब्रायनच्या वाढदिवसानिमित्त 2012 मध्ये मॅथ्यू मर्सरनं घरी एक खेळ चालवला, तो थांबलाच नाही, आणि 12 मार्च 2015 पासून तो इंटरनेटवर थेट दिसायला लागला. तोही मधूनच. पात्रांची दोन-तीन वर्षांची पूर्वपीठिका झालेली, आणि पाहणारा दारातून डोकावतोय. पहिली कॅम्पेन, म्हणजे त्याच पात्रांची सलग चालणारी एक मोठी गोष्ट, 115 भागांची, दुसरी 141 भागांची, आणि एकेक भाग तीन-चार तासांचा, कधी त्याहून जास्त. पुढचं यश सर्वांना माहीत आहे. 2019 मध्ये ॲनिमेशनसाठी त्यांनी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले आणि एक कोटी दहा लाखांहून जास्त जमले. 2023 मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात हजारो लोकांसमोर ते खेळले. चांगलं आहे. मला गर्दीत बसून ऐकायचं नाही. ही मला कानात ऐकायची गोष्ट वाटते, आणि गर्दीनं टाळ्या वाजवल्या की फाशाचा आवाज बुडतो.

मर्सरची एक सवय मात्र मी कुठेही ऐकून घेईन. मोठा शत्रू पडायला आला, शेवटचा घाव बसला, की तो स्वतः वर्णन करत नाही. ज्याचा घाव आहे त्याला विचारतो, बोल, हे कसं करायचंय तुला? त्या एका प्रश्नानं टेबलावरचे सगळे ओरडतात, कारण त्याचा अर्थ शत्रू मेला. पण ओरडणं संपल्यावर तो एकजण एकटा पडतो. चार तास ज्याच्यामागे धावलो तो हातात आलाय, आणि आता शब्द शोधायचेत. पुष्कळदा ते शब्द साधेच येतात. चांगल्या लेखकानं हजारदा अधिक चांगले लिहिले असते. तरी मला तेच हवे असतात.

याचं कारण मला 2018 च्या जुलैमध्ये समजलं असं म्हणायला हरकत नाही. समजलं पुष्कळ उशिरा, भाग तेव्हाचा. दुसऱ्या कॅम्पेनचा 26 वा. टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. लॉरा बेली आणि ट्रॅव्हिस विलिंगहम या जोडप्याला नुकतंच बाळ झालेलं, ॲशली जॉन्सन चित्रीकरणासाठी दूर गेलेली. (या प्रकारात बाळांचा वाटा बराच मोठा आहे.) खेळाडू नाहीत तर त्यांची पात्रं कुठे गेली, हे कथेत सांगावं लागतं. तर त्यांना माणसं विकणाऱ्या टोळीनं पळवून नेलं. उरलेले त्यांना सोडवायला निघाले, संख्येनं कमी, ताकदीनं कमी. त्यात टॅलिएसिन जॅफीचा मॉलीमॉक होता. रंगीबेरंगी कोट घालणारा, सर्कशीतला, खोटं बोलण्यात पटाईत. त्याची विद्या स्वतःच्या रक्तावर चालायची, वापरली की स्वतःलाच इजा. त्यानं ती वापरली, त्या इजेनंच कोसळला, आणि टोळीच्या म्होरक्यानं त्याला पडल्या जागी मारला.

141 भागांची गोष्ट. 26 व्या भागात मुख्य पात्रांपैकी एक गेलं. मी इस्त्री बंद केली आणि खाली बसले.

कादंबरीत आवडतं पात्र मेलं की मी लेखकावर चिडते. मनातल्या मनात भांडते, की काय गरज होती? गरज होती असं त्यानं ठरवलेलं असतं, आणि ते चूक की बरोबर यावर वाद घालता येतो. इथे भांडायला कोणी सापडेना. एका घरी बाळ जन्मलं, म्हणून तिघं पळवले गेले, म्हणून बाकीचे सोडवायला गेले, म्हणून हा गेला. यात कोणाची योजना नाही. मर्सरच्या आवाजात ते स्पष्ट ऐकू येतं. तो पुढचं सांगतोय आणि सांगताना त्यालाही ते पहिल्यांदाच कळतंय. कथा सांगणाऱ्यालाच कथा माहीत नाही, असा आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नव्हता. क्रिकेटचं समालोचन म्हणाल तर तिथे बोलणारा बाहेर उभा असतो. इथे खेळणाराच समालोचक आहे आणि दान त्याच्याच मुळावर येतंय.

आणि तरीही ते रेकॉर्डिंग. म्हणजे दान पडून गेलेलं. फाईलमध्ये किती मिनिटं उरलीत ते मला पडद्यावर दिसतं. पुढच्या भागाच्या नावावरून कधी कधी कोण मेलं तेही कळतं. या सगळ्याचा परिणाम व्हायला हवा, होत नाही. कान मूर्ख आहे. त्याला समोरच्याचा अडकलेला श्वास ऐकू आला की तोही श्वास अडकवून धरतो, तारीख विचारत नाही.

फाशांच्या गणिताबद्दल थोडं. वीस बाजूंच्या फाशावर वीस यायची शक्यता शंभरात पाच, एक यायची तेवढीच. नऊ आणि दहा येण्याची शक्यताही तेवढीच आहे हे आपण विसरतो, कारण त्यांच्यावर कोणी ओरडत नाही. मला मात्र ऐकण्यासाठी दोन साध्या सहा बाजूंच्या फाशांचे खेळ जास्त आवडायला लागलेत. व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या 2010 च्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड'पासून ही पद्धत पसरली. दोन्ही फाशांची बेरीज करून पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा. दहा किंवा वर गेलं तर जमलं, सहा किंवा खाली राहिलं तर पंचाईत, आणि सात ते नऊ आलं तर जमलं, पण किंमत मोजून. नुसते फासे धरले तर 36 पैकी 15 वेळा हे मधलं दान पडतं. म्हणजे दार उघडतं, पण किल्ली आत तुटते. माणूस वाचतो, पण आता त्याला तुमचं खरं नाव माहीत झालंय. हे मधलं दान पडलं की टेबलावर एक विशिष्ट 'अं...' ऐकू येतो. आनंदही नाही, दुःखही नाही. काय बिघडलं हे कोणीतरी आता सुचवायचंय. तो 'अं' मी ओळखते. तो भल्याभल्यांच्या तयार संवादांपेक्षा मला प्रिय आहे.

आता कंटाळ्याबद्दल खरं बोलायला हवं. यात कंटाळा भरपूर आहे. सात जण विरुद्ध अकरा राक्षस अशी लढाई दीड तास चालते आणि त्यातला एक तास बेरजा असतात. बाजारात जाऊन दोर आणि औषधाच्या कुप्या घेण्यात अर्धा भाग जातो. एका पॉडकास्टमध्ये पाच मोठी माणसं एका दारासमोर चाळीस मिनिटं उभी होती. सापळा असेल का, मंत्र असेल का, आधी दगड मारून बघू का. मी कानात ओरडत होते, अरे ढकला. शेवटी ढकललं. दार उघडंच होतं, त्याला कुलूप नव्हतं, सापळा नव्हता. गेम मास्टर म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं की ते बंद आहे?" पाच जण पुढची दोन मिनिटं हसत होते, आणि त्या हसण्यासाठी मी चाळीस मिनिटं परत देईन. हल्ली बरेच जण हा कंटाळा कापून टाकतात, पार्श्वसंगीत घालतात, पाऊस घालतात. ऐकायला सुबक होतं. पण दाराची ती चाळीस मिनिटं चार मिनिटांची केली की विनोद उरतो, हसण्याचं कारण जातं.

एकदा मी स्वतः खेळून पाहिलं. ओळखीतल्या चौघांनी बोलावलं, मला वाटलं एवढं ऐकलंय, सगळं येत असणार. पात्र तयार केलं, तिला भूतकाळ दिला, एक हरवलेला भाऊ दिला. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघालं, "ती, म्हणजे मी, बहुतेक मागे थांबते." तीन तास मी बहुतेक मागेच थांबले. भावाचा विषय निघालाच नाही. एकदाच फासा टाकला, त्यावर तीन आले, आणि त्या दीड सेकंदात मला काहीही थरारक वाटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझा चेहरा गरम झाला होता. टेबलाशी बसलं की गोष्ट दिसतच नाही. दिसतो तो कागद, आकडे, आणि आपण बावळट तर दिसत नाही ना ही काळजी. घरी येताना मला त्या आवाजांबद्दल, जे मी वर्षानुवर्षं फुकट ऐकत आले होते त्यांच्याबद्दल, पहिल्यांदा थोडी लाज वाटली. एवढी काळजी पोटात ठेवून ते माझ्या कानात हसत होते.

परत खेळले नाही. पण त्या चौघांनी दिलेला एक फासा माझ्याकडे राहिला. निळा, वीस बाजूंचा, एका कडेला चरा गेलेला.

आता त्या फाशाचं एक प्रकरण. मोठमोठ्या नावांच्या पलीकडे असंख्य लहान पॉडकास्ट आहेत. चार मित्र, एक स्वस्त माइक, मागे पंख्याचा आवाज. असंच एक मी ऐकायचे. त्यांना ऐकणारे फार नसावेत. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सचाच, गेम मास्टर किंचित तोतरा, आणि एक मुलगी होती तिचं पात्र म्हणजे निवृत्त झालेली समुद्री चाची, गुडघे दुखणारी. 38 व्या भागाच्या शेवटी ती चाची पुलावर जखमी होऊन पडते. या खेळात पात्र असं मरणाच्या दारात पडलं की प्रत्येक पाळीला फासा टाकतात. दहा किंवा जास्त आले तर एक जमा, कमी आले तर एक वजा. तीन जमा झाले तर जीव वाचला, तीन वजा झाले तर संपलं. तिचे दोन वजा, एक जमा झालेले. पुढची पाळी तिची. तेवढ्यात कोणाला तरी बस गाठायची होती. गेम मास्टर म्हणाला, बरं, इथेच थांबू, पुढच्या आठवड्यात टाकशील. ती म्हणाली, "मी आठवडाभर मेले-जगले असं काहीच नाही का मग?" सगळे हसले. खुर्च्या सरकल्या. रेकॉर्डिंग संपलं.

39 वा भाग आला नाही. महिना गेला, वर्ष गेलं, आता चार वर्षं झाली. भांडले असतील, कोणी गाव सोडलं असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल. फोनमधून मी ते पॉडकास्ट काढलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोप येईना, तेव्हा मी तो 38 वा भाग परत ऐकला. खुर्च्या सरकल्याचा आवाज संपला आणि मी उठून तो निळा फासा घेतला. तिच्या वतीनं टाकला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोनदा टणटणला आणि थांबला. चौदा. म्हणजे दुसरा जमा.

मी उभी राहिले. खुर्ची कुरकुरली नाही, कोणी श्वास सोडला नाही. चौदा हा नुसता आकडा होता, ओट्यावर पडलेला. मी फासा उचलून डब्यात ठेवला आणि दिवा घालवला. ते दान मी धरलेलं नाही. पाळी अजून तिचीच आहे.